पडला कोण?

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावाची मंडई, उद्या त्या गावाची. लेकीजावई येतात, पाहुणे येतात, रात्री दंडार उभी राहते आणि दिवसा पारावर गप्पांचा फड बसतो. आंधळगावातल्या अशाच एका फडात काही वर्षांपूर्वी वाद पेटला, महाराष्ट्राचा सर्वांत मोठा मल्ल कोण. तरुण पोरे म्हणत होती, ज्याने तीनदा गदा आणली तो मोठा. नरसिंग यादवने २०११, २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ तीन वर्षे महाराष्ट्र केसरी जिंकली, विजय चौधरीने २०१४, २०१५ आणि २०१६ अशी. मग बाकीचे आपोआप खाली. बराच वेळ ऐकत बसलेले एक वयस्क विणकर मध्येच म्हणाले, "तीनदा जितला म्हनता, पर पडला कोन थे सांगा ना गा." पोरे हसली. मीही हसलो. तीनही वर्षांचे उत्तर मात्र एकालाही देता आले नाही, आणि त्या पोरांतले दोघे तुमसर रोडवरून गाडी पकडून २०१२ ची गोंदियाची स्पर्धा डोळ्यांनी पाहून आलेले होते.

तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. कुस्तीवरच्या आपल्या लेखनात, म्हणजे स्मरणिका, गौरवग्रंथ, वर्तमानपत्रांतल्या पुरवण्या यांत, महाराष्ट्र केसरींची यादी हमखास असते. तिला रकाने असतात तीन : साल, ठिकाण, विजेता. १९६१ साली औरंगाबादला दिनकर दह्यारी यांच्या नावापासून ती सुरू होते आणि आजवर येऊन पोचते. चौथा रकाना नसतो. अंतिम कुस्ती कोणाशी झाली, ती चितपट झाली की गुणांवर सुटली, हरणाऱ्याचे वय काय होते, तो आधी कोणाला हरवून आला होता, याला त्या यादीत जागा नाही. या यादीच्या जोरावर आपण थोर-अतिथोर ठरवतो आणि ती जे सांगतच नाही तेही तिच्या तोंडी घालतो. माझी तक्रार या लेखनाच्या सवयीविषयी आहे, मल्लांविषयी नाही.

तुलनेसाठी मुष्टियुद्धाकडे पाहू. अमेरिकेतल्या वजनदार गटाच्या विजेत्यांवर शंभर वर्षे वाद चालू आहे आणि तो आपल्यापेक्षा काही सभ्यपणे चालत नाही. पण त्या वादाला पायाखाली जमीन आहे. प्रत्येक लढतीपुढे प्रतिस्पर्ध्याचे नाव, तारीख, फेरी आणि निकालाची रीत लिहिलेली असते. रॉकी मार्सियानो ४९ लढती लढला आणि ४९ जिंकला. आपल्याकडे असता तर इथेच विषय संपला असता. तिकडे मात्र कोणीही ४९ नावे पुढे ठेवून विचारू शकतो : ऑक्टोबर १९५१ मध्ये त्याने ज्या जो लुईला पाडले, तो लुई ३७ वर्षांचा होता ना? १९५२ मध्ये ज्याच्याकडून विजेतेपद घेतले, तो वॉलकॉट ३८ वर्षांचा होता ना? ही विचारणा मार्सियानोला लहान करण्यासाठी नसते. त्याच नावांतून उलट बाजूही निघते, की वॉलकॉटशी झालेल्या त्या लढतीत तो गुणांवर मागे होता आणि तेराव्या फेरीत एका ठोशाने त्याने सामना फिरवला.

जो लुईचेच घ्या. तो जवळजवळ बारा वर्षे, १९३७ ते १९४९, विजेता राहिला आणि पंचवीस वेळा त्याने ते पद राखले. त्याच्या नावावर पराभव तीन. नुसता आकडा घेतला तर तो मार्सियानोच्या मागे पडतो. रकाने वाचले तर दिसते की पहिला पराभव, १९३६ चा, विजेता होण्याआधीचा, आणि ज्या श्मेलिंगने तो केला त्याला लुईने १९३८ मध्ये पहिल्याच फेरीत झोपवले. उरलेले दोन निवृत्तीनंतरचे. प्राप्तिकराचे देणे डोक्यावर होते म्हणून तो पुन्हा रिंगणात उतरला होता. विजेता असताना त्याला कोणीच हरवले नाही. महंमद अलीचे पराभव पाच. त्यातले शेवटचे दोन, १९८० चा लॅरी होम्सकडून आणि १९८१ चा बर्बिककडून, ज्या अलीने खाल्ले तो १९७४ च्या किन्शासातला, फोरमनला आठव्या फेरीत पाडणारा अली उरलेला नव्हता. गंमत म्हणजे याचा तोटा होम्सला झाला. अलीला हरवूनही त्याला त्याचे श्रेय कोणी मनापासून दिले नाही. हाच होम्स ४८ लढती अजिंक्य राहून १९८५ मध्ये मार्सियानोच्या आकड्याला भिडायला गेला आणि खालच्या वजनगटातून वर आलेल्या मायकेल स्पिंक्सकडून हरला. हे सगळे आपल्याला बोलता येते ते हरलेल्यांची नावे कोणीतरी लिहून ठेवली म्हणून.

आता घरी येऊ. गामा पहिलवान अजिंक्य, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. अजिंक्य ते होतेच. पण १९१० साली लंडनमध्ये त्यांनी पोलंडच्या झिबिस्कोला 'लोळवले' असे जे छापले जाते ते खरे नाही. त्या दिवशी झिबिस्को अडीच तासांहून अधिक वेळ गादीला चिकटून पालथा पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा जोड ठरली तेव्हा तो आलाच नाही, म्हणून पट्टा गामांना मिळाला. खरी चितपट झाली ती १९२८ साली पतियाळ्याला, एका मिनिटाच्या आत. इथे मार्सियानोवरचा आक्षेप कोणी लावील, की तेव्हा झिबिस्को पन्नाशीला टेकला होता. बरोबर. पण गामाही पन्नाशीलाच टेकले होते. लंडनच्या निकालाला विजय म्हटल्याने गामांचे काही वाढत नाही. उलट, जगातला एक बलाढ्य मल्ल त्यांच्यापुढे अडीच तास जमीन सोडायला धजला नाही, ही लंडनची खरी गोष्ट त्या एका शब्दाने पुसली जाते.

हिंद केसरीच्या बाबतीत आपली स्मरणशक्ती जरा बरी आहे. १९५९ साली दिल्लीत श्रीपती खंचनाळे यांनी पंजाबच्या बंतासिंगला हरवून गदा आणली, हे कोल्हापुरात अजूनही पोराटोरांना माहीत असते. बंतासिंगचे नाव टिकले आहे, म्हणूनच खंचनाळ्यांची कुस्ती सांगता येते. नाव गेले असते तर उरला असता यादीतला एक साल.

तरीही यादी किती दगा देते, याचे मला सर्वांत बोलके उदाहरण सांगली जिल्ह्यात सापडते. गणपतराव आंदळकर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे, मारुती माने कवठेपिरानचे. आंदळकर १९६० चे हिंद केसरी, माने १९६४ चे. म्हणजे गदा एकेक. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धांत दोघेही गेले. माने ९७ किलो गटात, आंदळकर त्याच्या वरच्या गटात. मान्यांना मुक्त शैलीत सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. आंदळकरांना ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि मुक्त शैलीत रौप्य. आरशात पाहावे तसे. पदके मोजून मोठा कोण ते ठरवणाऱ्याने इथे काय करावे?

आणि महाराष्ट्र केसरीच्या यादीत पाहाल तर हे दोघेही नाहीत. १९६१ नंतरची ती यादीच मल्लविद्येचा इतिहास आहे असे मानून चालणारा वाचक त्या काळातले महाराष्ट्राचे हे दोन सर्वांत वजनदार मल्ल हातातून निसटू देतो. मी स्वतः बरीच वर्षे तसाच वाचक होतो. खाशाबा जाधवांविषयी वेगळे लिहीत नाही. १९५२ चे हेलसिंकीचे कांस्य त्यांनी ५७ किलो गटात मिळवले, आणि गदेच्या वजनाने मल्ल तोलणाऱ्या आपल्या समाजाला ते पेलायला पुढची कित्येक दशके गेली. अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा ते हयात नव्हते, इतके पुरे.

माने आणि आंदळकर यांच्यात मला निवड करायची झालीच तर मी आंदळकरांकडे झुकतो, आणि त्याचे कारण कुस्तीबाहेरचे, नाही, कुस्तीतलेच आहे : कोल्हापूरची मोतीबाग तालीम. लढणे थांबल्यावर त्यांनी तिथे वस्ताद म्हणून आयुष्य घातले. १९७० आणि १९७१ असे लागोपाठ महाराष्ट्र केसरी झालेले दादू चौगुले याच तालमीच्या मातीतले. दादूंनी १९७४ साली ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धांत सर्वांत वरच्या वजनगटात रौप्यपदक आणले. मल्लाचा वारसा मोजायचा तर त्याच्या मागे कोण उभे राहिले ते पाहावे लागते, आणि त्याचाही रकाना यादीत नाही.

हरिश्चंद्र बिराजदारांचे तसेच. लातूर भागातला हा मल्ल १९६९ साली एकदाच महाराष्ट्र केसरी झाला. पोरांच्या हिशेबात एक गदा, म्हणजे तीनवाल्यांच्या एक तृतीयांश. पण पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धांत त्यांनी सुवर्ण जिंकले आणि १९७७ साली बेळगावात सतपालला हरवले. सतपाल म्हणजे त्या काळातला उत्तरेचा पहाड. पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत सुवर्ण जिंकणारा. बेळगावच्या त्या एका कुस्तीने बिराजदारांचे नाव जितके दूर गेले तितके केसरीच्या गदेने गेले नव्हते, कारण लोक पहिल्यांदा विचारत ते हेच : पडला कोण? पुढे बिराजदार पुण्यात वस्ताद झाले. काका पवार त्यांचे शिष्य. काकांनी कात्रजला तालीम उभी केली. आणि जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती लागली तेव्हा गादी विभागातून आलेला हर्षवर्धन सदगीर आणि माती विभागातून आलेला शैलेश शेळके, दोघेही काकांचेच पठ्ठे निघाले. हर्षवर्धन अगदी निसटत्या गुणांनी जिंकला आणि जिंकल्याबरोबर त्याने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतले. यादीत त्या वर्षापुढे एकच नाव छापले जाते. जिंकणाऱ्यालाच ते पटले नसावे असे ते छायाचित्र पाहताना वाटते.

आता तीन गदांकडे परत येतो, कारण वाद तिथूनच निघाला. नरसिंग यादवची तीन वर्षे मोठी आहेतच, पण ती का मोठी हे यादीतून कळत नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवर नरसिंग ७४ किलोचा मल्ल. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांतले सुवर्ण, २०१४ च्या आशियाई स्पर्धांतले आणि २०१५ च्या जागतिक स्पर्धेतले कांस्य, सगळे त्या गटातले. तो खुल्या गटात येऊन आपल्याहून धिप्पाड मल्लांना तीन वर्षे भारी पडला. स्पिंक्सने होम्सला हरवले तेव्हा अमेरिकेत ज्या गोष्टीचे कौतुक झाले तीच ही गोष्ट. इथे आपण वजन लिहीत नाही, म्हणून ती दिसत नाही. पुढे २०१६ मध्ये रिओच्या तोंडावर तो उत्तेजक चाचणीत अडकला, भारतातल्या यंत्रणेने त्याला दोषमुक्त केले आणि क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. ही बाब त्याच्या गौरवलेखांतून वगळणेही मला पटत नाही आणि तेवढ्यासाठी आधीच्या तीन वर्षांवर काट मारणेही पटत नाही.

विजय चौधरी जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्याचा. त्याच्या तिसऱ्या गदेचे मोल मला एका हरलेल्या मल्लामुळे कळले. २०१६ च्या अंतिम कुस्तीत त्याने अभिजित कटकेला हरवले. आता अभिजितचे पुढचे पाहा. २०१७ ला भूगावात तो महाराष्ट्र केसरी झाला. २०१८ ला जालन्यात पुन्हा अंतिम फेरीत आला आणि बाला रफिक शेखकडून हरला. म्हणजे लागोपाठ तीन वर्षे महाराष्ट्रातल्या शेवटच्या दोन मल्लांत अभिजित होता. यादीत त्याचे नाव एकदा येते आणि बाला रफिकचेही एकदाच. यादीच्या मते दोघे सारखे, आणि दोघांपेक्षा दुप्पट मोठा तो, जो कधीतरी सोपा ड्रॉ मिळून दोनदा जिंकला असेल. अभिजितने २०२३ मध्ये हैदराबादला हिंद केसरीही जिंकली. तरी पारावर त्याचे नाव घेतले की उत्तर येते, "एकदाच ना?"

याला कोणी म्हणेल की हरणाऱ्यांची नावे लिहिणे म्हणजे त्यांना कायमचे पाडून ठेवणे. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. कुस्तीत पाठ लागणे ही लाजेची गोष्ट मानतात, आणि जुन्या मैदानांत जोड ठरवणारे लोक मल्लाची इभ्रत राखायला कितीतरी कुस्त्या बरोबरीत सोडवत. खेड्यातल्या पोराला तालमीत पाठवणारा बाप म्हशीचे दूध विकायचे थांबवून ते पोराच्या पोटात घालतो. त्याला आपल्या मुलाचा पराभव छापलेला कसा आवडेल? पण हरलेल्याचे नाव न लिहिल्याने त्याची लाज झाकली जात नाही, त्याची वर्षेच नाहीशी होतात. गोंदियाच्या त्या स्पर्धेत विदर्भातलीही पोरे उतरली होती. ती कोणाकडून हरली, किती वेळ तगली, हे लिहिलेले असते तर पुढच्या वर्षी त्यांच्या वस्तादाला काही हाती लागले असते. स्पर्धा गोंदियाला येते, नागपूरला येते, अमरावतीला येते, मांडव पडतो, गदा उचलून पश्चिमेकडे जाते आणि आमच्याकडे उरते ती ठिकाणाच्या रकान्यातली नोंद.

अलीकडच्या वर्षांनी तर जुनी यादी पार उघडी पाडली आहे. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याला शिवराज राक्षे महेंद्र गायकवाडला हरवून महाराष्ट्र केसरी झाला. पण त्या स्पर्धेत लोकांनी महिनाभर चघळली ती अंतिम कुस्ती नव्हतीच. ती होती माती विभागातली महेंद्र आणि सिकंदर शेख यांची, आणि तिच्यातल्या बाहेरच्या टांगेला दिलेल्या चार गुणांची. महाराष्ट्रभर चौकाचौकात तो डाव हवेत करून दाखवला जात होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात दोन संघटनांनी दोन स्पर्धा भरवल्या. फुलगावला सिकंदरने अंतिम कुस्तीत शिवराजला काही सेकंदांत पाडले आणि गदा घेतली. त्यानंतर थोड्याच दिवसांत धाराशिवला तोच शिवराज हर्षवर्धन सदगीरला हरवून महाराष्ट्र केसरी झाला. एकाच महिन्यात, एकाच किताबासाठी, एक मल्ल पडलाही आणि उभाही राहिला. मुष्टियुद्धात तीन-चार संस्थांचे तीन-चार पट्टे असतात आणि एकाच गटात एकाच वेळी अनेक जगज्जेते फिरतात, याला आपण हसत होतो. निदान तिकडे कोणता पट्टा कोणाला हरवून मिळाला हे कोणालाही पाहता येते. आपल्याकडे २०२३ पुढे एक नाव लिहायचे की दोन की तीन, हे यादी छापणारा कोणत्या संघटनेच्या जवळचा आहे त्यावर ठरते.

त्या विणकर आजोबांचा प्रश्न घेऊन मी एक वही केली आहे. साल, ठिकाण, विजेता, आणि चौथा रकाना. त्यात मी शैलेश शेळके, अभिजित कटके, पुन्हा अभिजित कटके अशी नावे लिहीत गेलो तेव्हा तीच यादी वेगळी वाचता येऊ लागली. २०२५ च्या ओळीवर मात्र अडलो. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ जिंकला. गादी विभागाच्या शेवटच्या कुस्तीत त्याच्याविरुद्ध शिवराज राक्षेला चितपट दिले गेले. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे त्याचे म्हणणे होते. संतापून त्याने पंचांना लाथ मारली. नंतर माती विभागातून आलेला महेंद्र गायकवाड अंतिम कुस्तीत गुणांवरून वाद घालून गादी सोडून निघून गेला. दोघांवरही तीन वर्षांची बंदी आली. लाथेचे समर्थन कोणी करू नये, मी करत नाही. पण चितपट झाली की नाही, हा प्रश्न लाथेने सुटत नाही आणि बंदीनेही सुटत नाही.

चौथ्या रकान्यात मी महेंद्र गायकवाडचे नाव शाईने लिहिले आहे. त्याच्या शेजारी कंसात शिवराज राक्षेचे लिहिले आहे, पेन्सिलीने.